सोमवारी बंद

जगातलं एक अख्खं कलासंग्रहालय पायाखाली घातलेला माणूस आमच्या ठाकुर्लीत एकच, समोरच्या ब्लॉकमधले सर. आणि तेही घरातून बाहेर न पडता. ठाण्याच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवून रिटायर झालेला हा गृहस्थ, मुलीने टीव्हीला इंटरनेट जोडून दिल्यापासून, रोज सकाळी अकराला परदेशातल्या त्या संग्रहालयात जातो. जातो म्हणजे अगदी जातोच. इस्त्रीचा शर्ट घालणार, पायांत चपला चढवणार, जिन्यात एक फेरी मारणार आणि मग चपला दाराबाहेर काढून आत येणार. टीव्हीसमोर पलंगावर काकू. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली तेव्हापासून त्या तिथेच असतात. सर रिमोटने एकेक दालन उघडतात आणि हळू आवाजात त्यांना माहिती सांगतात. मोठ्याने बोललेलं चालत नाही. मी एकदा पोह्यांची बशी घेऊन गेलेले, तर मला "उपाहारगृह तिकडे" म्हणून स्वयंपाकघरात पिटाळलं.

घाई म्हणून नाही. मातीच्या भांड्यांना आठवडा गेला, कारण प्रत्येक रांजण बघून काकूंना माहेरचं काहीतरी आठवायचं. चिलखतांपाशी त्या म्हणाल्या, आतला माणूस उकाड्यानेच गेला असणार. जरीच्या वस्त्रांना तर चार दिवस. सोमवारी मात्र टीव्हीवर चादर. मी म्हटलं, सर, इंटरनेटला कसली आलीय सुट्टी? तर म्हणाले, "अगं, नियम संग्रहालयाचा आहे, टीव्हीचा नाही."

एकदा सर चहा टाकायला उठले आणि रिमोट माझ्या हाती आला. पडद्यावर एक दार होतं. रोज सगळं बघून झालं की ते या दारापाशी येऊन परत फिरायचे, हे मला काय माहीत! मी आपला पुढचा बाण दाबला. सर आतून धावत आले आणि हात पसरून टीव्हीसमोर आडवे उभे राहिले, हातातल्या गाळण्यातून चहा ठिबकत होता. मग त्यांनीच कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं कॅलेंडरचं पान दाखवलं. गच्चीत वाट बघत उभी असलेली एक बाई, पायाशी कबुतरं. लग्नाच्या पहिल्या वर्षी काकूंना ते चित्र इतकं आवडलं की वर्ष संपल्यावरही त्यांनी ते टाकू दिलं नाही. मूळ चित्र पडद्यावरच्या त्या दारापलीकडे आहे. रिटायर झाल्यावर दोघांनी जाऊन बघायचं ठरलेलं. पासपोर्टही काढून झालेले, आणि पुढच्याच महिन्यात काकू पडल्या.

"तिथे टीव्हीवरून नाही जायचं," सर म्हणाले. "तिथे आम्ही दोघं जाणार."

मला फार अपराधी वाटलं. त्यानंतर मी रिमोटला हात लावला नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या गुरुवारच्या उपासाची खिचडी द्यायला गेले, तर पडद्यावर तेच दार. हल्ली काकू फार बोलत नाहीत, डॉक्टरही काही आशेचं बोलत नाहीत. त्या दिवशी एकेक शब्द जुळवत त्या म्हणाल्या, "अहो, बघून घेऊ या आता. माझ्याच्याने नाही व्हायचं तिकडे जाणं."

सरांनी रिमोट बाजूला ठेवला. मग उठले, चादर घेतली आणि टीव्हीवर नीट चारही बाजूंनी पसरली.

"आज सोमवार आहे," ते म्हणाले.

खिचडीचं ताट माझ्या हातात तसंच होतं. काकूंनी ताटाकडे पाहिलं, मग सरांकडे.

"बरं," त्या म्हणाल्या. "उघडलं की जाऊ."