जसोंडीच्या काकांचा पाय

मी तोंडाने फटकळ. बुधवारा भागातल्या आमच्या छोट्या दवाखान्यात पेशंट डॉक्टरांना कमी आणि मला, म्हणजे सिस्टरला, जास्त घाबरतात. मला त्याची लाजही वाटत नाही. पण जसोंडी गावचे, केळीची शेती करणारे काका मला पुरून उरले.

त्यांना शुगर. उजव्या पायाचं एक बोट आधीच काढलेलं आणि आता तळव्याला जखम. सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं, महिन्याभरात जखम भरायला लागली नाही तर पाय घोट्याच्या वरून कापावा लागेल. मी कागदावर सगळं लिहून दिलं: इन्सुलिन कधी, जेवण कधी, ड्रेसिंगला सकाळी दहाला या, पाय कोरडा ठेवा. आणि काका दर खेपेला बारा वाजता उगवायचे, पट्टी चिखलाने माखलेली. "पाय नकोसा झालाय का तुम्हाला?" असं मी चारचौघांत बोलले. ते बिचारे खाली मान घालून बसले.

दोन आठवड्यांत जखम वाढली. मग राग गिळून मी काकूंना विचारलं, हे सकाळी करतात तरी काय?

"ताई, शेतातल्या मोटरची लाईट सकाळीच राहते ना," काकू म्हणाल्या. "सहा ते अकरा. तेवढ्यात पाणी नाही सोडलं तर केळी सुकते. मग सुई पण राहून जाते, खाणं पण."

मी आजार विचारला होता, गोळ्या विचारल्या होत्या, लाईटची वेळ काही विचारली नव्हती. माझीच मला चीड आली. तो कागद मी फाडला आणि दोघांना समोर बसवून नवा केला. पहाटे घरीच सुई आणि लगेच पोटभर नाश्ता. मोटर आणि पाणी काकूंकडे. काकांनी बांधावर खाटेवर बसायचं आणि नुसते हुकूम सोडायचे. ड्रेसिंग दुपारी दोनला.

"घरात हुकूम सोडायचं काम पहिल्यांदाच मिळालं," काका म्हणाले. काकूंनी पदर तोंडाला लावला.

त्यानंतर दोनच्या ठोक्याला काका हजर, पट्टी कोरडी ठणठणीत. महिना भरला तेव्हा जखमेत लालबुंद नवं मांस दिसत होतं. सर्जननी दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाले, "कापायची गरज नाही." त्या दिवशी मला अख्ख्या बुधवाऱ्यात पेढे वाटावेसे वाटले. जिंकलो होतो आम्ही तिघं.

पुढे जखम पूर्ण भरल्यावर सर्जननी मऊ चपला घ्यायला सांगितल्या. काका दारापर्यंत चालत गेले, थांबले आणि मागे वळून त्यांनी मला विचारलं, "ताई, दुकानात एक मागू का दोन?"

"जोडी घ्या," एवढंच मी कसंबसं म्हणाले आणि सगळ्या पेशंटांसमोर रडले.