सात तुकड्यांचा शब्द

माझ्या मावशीच्या यजमानांइतका भित्रा माणूस अख्ख्या रत्नागिरीत दुसरा नसेल, आणि हे मी अतिशय प्रेमाने लिहितो आहे. मिरकरवाडा बंदरातल्या लाँचींची इंजिनं दुरुस्त करण्यात काकांचा जन्म गेला, पण कुठलीही वस्तू अख्खी समोर आली की ते दोन पावलं मागे सरतात. इंजिन खोलून एकेक भाग गोणपाटावर ओळीने मांडला, की मग कुठे त्यांचा जीव भांड्यात पडतो. कुणी फणस आणून ठेवला तर तो फोडून होईपर्यंत काका पडवीतून खाली उतरत नाहीत. मावशी सांगते, "सप्तपदीत तिसऱ्या पावलाला पाणी मागितलंनी ह्यांनी!" काका ते नाकारत नाहीत.

मुलगी नवऱ्याबरोबर पोलंडला गेली तेव्हा काकांनी पोलिश शिकायला घेतली, तीही भीतीपोटीच. "पोरीला तिकडे काय झालं, नि आपल्याला कळलंच नाही तर?" त्या भाषेतली लांबलचक जोड-विशेषणं बघून मला घेरी आली, काका मात्र खुलले. आपल्या कारखान्याच्या भिंतीवर ते खडूने शब्द लिहायचे आणि उभ्या रेघा मारून त्याचे उच्चाराप्रमाणे तुकडे पाडायचे. "हा बघ, मधला 'ओ' म्हणजे बोल्ट. दोन शब्द ह्याच्यावर कसलेले. शेवटची शेपटी बदलते, बाकी सांगाडा तोच." एकदा हवामानाच्या बातमीतला 'पोवुदन्योवो-फ्सखोद्नी' त्यांनी सहा तुकड्यांत खोलला. आत निघाला आग्नेयेकडचा वारा. "एवढं धूड, नि आत नुसता वारा!" म्हणत काकांनी सगळ्यांना चहा पाजला.

मग गेल्या महिन्यात मुलीने तिथल्या दवाखान्याच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'साधी तपासणी आहे, बाबा.' मी गेलो तेव्हा भिंतीवर त्या चिठ्ठीतलं 'सेर्त्सोवो-नाचिन्योवा' लिहिलेलं होतं आणि काका समोर उभे होते. मी मोबाईल काढून शब्द त्यात घातला. अर्थ क्षणात आला: 'हृदय आणि रक्तवाहिन्यांसंबंधी.' मोबाईल मी खिशात सारला. काकांनी ते बघितलं असावं. त्यांनी शेपटीकडून रेघा मारायला सुरुवात केली. वा. न्यो. चि. ना. प्रत्येक रेघेनंतर थांबून ते खडू धोतराला पुसत होते.

मला ते विचित्र वाटलं. इंजिन असो की शब्द, काका कायम पुढून खोलतात. "काका, आज मागनं?"

त्यांनी 'वो' वेगळा केला, मग 'त्सो'. राहिला एकटा 'सेर'. त्याच्याकडे त्यांनी नीट बघितलंही नाही.

"पुढचा भाग येतो रे मला," ते म्हणाले. "तिकडे गेल्यावर पोरीनं पहिला शब्द शिकवलान तो हाच. काळीज. म्हणून मागनं आलो. तेवढाच वेळ."

त्यांच्या शेजारी मी गोणपाटावर बसलो. बऱ्याच वेळाने काकांनी आपला मोबाईल माझ्यापुढे धरला. ज्या बोटांनी त्यांनी बंदरातली निम्मी इंजिनं उघडली होती, त्या बोटांनी पडद्यावर अर्धाच नंबर दाबला होता.

"तिला फोन लावून दे," ते म्हणाले. "मला नंबर दाबता येत नाही."