माझ्याच घरचा कॉल

न्यू जर्सीतल्या आमच्या गावाला ॲम्ब्युलन्स होती, पण ती चालवायला पगारी माणूस एकही नव्हता. हे मला शेजारच्या बाईंनी कुंपणावरून सांगितलं. त्या शाळेत लायब्ररियन होत्या आणि गावच्या ॲम्ब्युलन्स पथकाच्या कॅप्टनही होत्या. मी पुण्याहून आलेला इंजिनिअर. गाव म्हटलं की सरकार, सरकार म्हटलं की खातं आणि खातं म्हटलं की पगार, एवढंच मला माहीत.

"मग आजारी माणसाला नेतं कोण?" मी विचारलं.

"आम्हीच. मी, बेकरीवाला, हायस्कूलचे गणिताचे सर. ज्याची पाळी असेल तो. तुम्हीही या ना. सोमवारी संध्याकाळी ट्रेनिंग असतं."

मला तोंडावर नाही म्हणता येत नाही. याच गुणामुळे आमच्या घरी एक पियानो आहे आणि तो कुणालाच वाजवता येत नाही. सोमवारी मी ट्रेनिंगला हजर झालो.

पहिल्याच दिवशी जमिनीवर एक रबरी बाई आडवी ठेवलेली होती. तिचे खांदे हलवायचे, ती ठीक आहे का असं ओरडून विचारायचं, उत्तर आलं नाही तर पुढचे उपचार सुरू करायचे. अनोळखी बाईच्या खांद्याला हात लावायचा आणि वर तिच्यावर ओरडायचं, हे माझ्या घरच्या वळणात बसेना. मी जरा वाकून हळूच म्हणालो, "एक्स्क्यूज मी, मॅडम."

कॅप्टन म्हणाल्या, "तुमची ओळखपरेड संपेपर्यंत ती गेली."

पुढच्या आठवड्यात गणिताच्या सरांचा पाय मोडलाय असं समजून त्याला फळी बांधायची होती. मी इतकं मन लावून बांधली की टेबलाचाही एक पाय त्यात आला. सर उठले तेव्हा टेबल त्यांच्याबरोबर निघालं. तरीही शेवटी मी पास झालो. माणसं कमी होती हेच त्याचं कारण असावं. पथकाचं निळं जॅकेट मिळालं, गावातले बोलिंग क्लबवाले घालतात तसं चकचकीत. ते घालून मी मुद्दाम मराठी मंडळाच्या गणपतीला गेलो, तर एका काकूंनी विचारलं, "बोलिंगच्या टीममध्ये आहात का?"

कामाची रीत सोपी होती. घरात कुणाला काही झालं की गावच्या पोलीस चौकीचा नंबर फिरवायचा. तिथून आमच्या कमरेच्या पेजरवर कर्कश शिट्टी वाजायची आणि पाठोपाठ पत्ता ऐकू यायचा. ज्यांची पाळी असेल त्यांनी हातातलं टाकून पथकाच्या इमारतीकडे धावायचं आणि तिथून ॲम्ब्युलन्स काढायची. स्वतःच्या गाडीत पुढे काचेपाशी एक निळा दिवा लावायची परवानगी होती. निळा दिवा म्हणजे वाट द्यायची विनंती, हुकूम नव्हे, असं आम्हाला बजावलेलं होतं. आम्ही प्रथमोपचार करायचे, ऑक्सिजन द्यायचा, माणूस उचलायचा. हृदयाचं दुखणं असलं तर हॉस्पिटलची खास माणसं आपली यंत्रं घेऊन वेगळ्या गाडीने थेट दारात यायची. शिट्टी वाजली की पाय आपोआप दाराकडे वळायचे. डोकं मागून सावकाश यायचं. माझ्या बाबतीत तर फारच सावकाश.

त्या उन्हाळ्यात माझे सासरे अमरावतीहून आमच्याकडे राहायला आले होते. निवृत्त न्यायाधीश. बोलणं मोजकं, आणि एकदा बोलले की अपील नाही. एका रविवारी, माझ्या पाळीच्या दिवशी, दुपारी जेवण उरकून ते खुर्चीत बसले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "जरा जड वाटतंय."

कपाळावर घाम होता. डावा हात ते सारखा चोळत होते. हे सगळं मी पाठ केलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. मी म्हणालो, "बाबा, ॲम्ब्युलन्स बोलावतो."

"मुळीच नाही," ते म्हणाले. "त्या गाडीतून गेलेला माणूस चालत परत आलेला मी पाहिलेला नाही. डॉक्टरला बोलवा, जावईबापू."

यावर प्रशिक्षित माणसाने काय करायचं ते मला माहीत होतं. पण मी आज्ञाधारक जावयासारखा फोन उचलला आणि दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या डॉक्टरकाकांना लावला. ते डोळ्यांचे डॉक्टर. पण मराठी होते, आणि आमच्यात मराठी डॉक्टर म्हणजे सर्वांगाचा डॉक्टर. काका लगेच निघाले. निघताना डॉक्टरकाकूंनी आणखी दोघांना फोन केला, त्या दोघांनी आणखी कुणाला केला असावा, कारण बघता बघता घरापुढची जागा गाड्यांनी भरून गेली. पाहुण्यांची सोय म्हणून मी माझी गाडी रस्त्यावर नेऊन लावली. एक काकू वरणभाताचा डबा घेऊन आल्या होत्या.

डॉक्टरकाकांनी नाडी बघितली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, मला काय बोलावतोस? तू त्या पथकात आहेस ना? ॲम्ब्युलन्स बोलव."

"बाबा नको म्हणतात."

"मग तू काय त्यांची संमती येईपर्यंत गाड्या पार्क करणार आहेस?"

माझ्या बायकोने हे ऐकलं. वडील आल्यापासून ती मला अहो-जाहो करत होती. आता तिने सरळ माझ्या हातातला फोन घेतला. "तू सरक," म्हणाली आणि नंबर फिरवला.

आणि माझ्या कमरेला शिट्टी वाजली.

यापुढचं मी सांगू नये, पण आमच्या मंडळात ते सगळ्यांना माहीत आहे. शिट्टी वाजली, मी जॅकेट उचललं, दारातून बाहेर पडलो, रस्त्यावरच्या गाडीत बसलो, निळा दिवा लावला आणि सुसाट निघालो. पेजरमधला आवाज पत्ता सांगत होता. पत्ता ओळखीचा वाटला. या घराला जायचा रस्ता आपल्याला नीट माहीत आहे, याचं मला समाधानही वाटलं. बेकरीचा कोपरा ओलांडला तेव्हा डोकं येऊन पोचलं. पण तोवर पथकाची इमारत समोर दिसत होती, आत कॅप्टनबाई आणि गणिताचे सर ॲम्ब्युलन्समध्ये चढत होते. मीही चढलो.

"हा पत्ता तुमचाच ना?" सरांनी विचारलं.

"हो."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

मी जॅकेटची चेन वर ओढली.

आम्ही पोचलो तर गाड्यांमुळे ॲम्ब्युलन्स दारापर्यंत जाईना. कॅप्टनबाई ऑक्सिजनची पेटी उचलून चालत आत गेल्या, त्यांच्यामागे मी. सासऱ्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही तर आत्ता इथेच होता."

ऑक्सिजन लावून घ्यायला त्यांनी हरकत घेतली नाही. कॅप्टनबाई त्यांच्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसल्या. "सर, तुम्हाला हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं. पण तुमच्या परवानगीशिवाय मी तुम्हाला हलवू शकत नाही. तसा नियम आहे."

नियम म्हटल्यावर सासऱ्यांचा चेहरा जरा खुलला. पण उत्तर ठरलेलं होतं. "नाही."

मग सगळे एकदम सुरू झाले. "बाबा, ऐका." "काका, हट्ट करू नका." "अहो, इथलं हॉस्पिटल फार छान आहे." जणू ते सहलीला निघाले होते. सासऱ्यांनी मास्क बाजूला केला. "त्यांनी मला विचारलंय. तुम्हाला नाही." घाम वाढत होता, ओठांचा रंग मला बरा दिसत नव्हता, आणि शिकलेल्यातलं काहीही त्यांच्या नकारापुढे चालत नव्हतं. दाराशी बायको उभी होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

तेवढ्यात सासऱ्यांची नजर कॅप्टनबाईंच्या गळ्याशी गेली. कॉलरमध्ये एक कापडी नॅपकिन खोचलेला होता, त्याला रश्शाचा डाग. घाईत तो काढायचा राहिला होता.

"तुम्ही जेवत होता?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"हो. आज माझ्या मुलीचा वाढदिवस आहे."

"जेवण झालं होतं?"

"नुकतंच वाढून घेतलं होतं."

सासऱ्यांनी नॅपकिनवरचा डाग पुन्हा पाहिला. त्यांच्या घरी जेवणाऱ्या माणसाला हाक मारायची नाही असा कायदा होता. कलेक्टर दारात आला तरी शिपाई सांगायचा, साहेब ताटावर आहेत, आणि कलेक्टर व्हरांड्यात बसून राहायचा.

त्यांनी एकवार सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मला मराठीत म्हणाले, "बाई ताटावरून उठून आल्या आहेत. आता त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवणं बरं दिसणार नाही. चला."

मग गाड्या हलवण्याचा सोहळा झाला. "आधी तुम्ही काढा." "नाही नाही, तुम्ही काढा." डॉक्टरकाकांनी शेवटी आपली गाडी सरळ आमच्या गुलाबांवरून नेली आणि वाट झाली. स्ट्रेचर घेऊन मी उलट्या पावली त्याच गुलाबांमध्ये शिरलो, पण सोडलं नाही. तोवर हॉस्पिटलची माणसं आली होती. त्यांनी छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी बघितली आणि रेडिओवर भराभर बोलायला लागले. ॲम्ब्युलन्समध्ये सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते, पण माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. वाटेत बाहीत अडकलेले गुलाबाचे काटे टोचत होते तरी मी हात हलवला नाही.

हार्ट अटॅकच होता. लहान होता आणि वेळेत आलात, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. बायको मागच्या गाडीतून आली. वडील उशीला टेकून बसलेत आणि नर्सला अमरावतीच्या उन्हाबद्दल सांगताहेत, हे तिने पाहिलं, डोळे पुसले आणि मग माझ्याकडे वळली.

"मी फोन केला, वळून बघते तर तू नाहीस. बाबा तिथे घामाघूम, आणि तू कुठे गेला होतास?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायची माझी वाईट सवय आहे.

"अगं," सासरे अंथरुणातून म्हणाले, "गाडी आणायला गेले होते ते. त्याशिवाय गाडी कशी आली असती?"

ती एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली. सासऱ्यांनी चेहरा निकाल वाचताना असावा तसा ठेवला होता.

"बसा, जावईबापू," ते म्हणाले. "आणि आता काही बोलू नका."