दोरातला कच्चा तुकडा

पोलीस ॲक्शननंतर मी गौलीगुड्याहून रोज शहराबाहेर विमानांच्या मैदानावर कामाला जायची. पंखांचं कापड शिवायचं आणि दोर सांधायचे, हे काम. शिक्षण चौथी. दोर वळायला शिकले ती बापाच्या शेतात.

तिथे ग्लायडर उडवायला शिकवायचे. ग्लायडरला इंजिन नसतं. पुढचं छोटं विमान त्याला दोरानं ओढून वर नेतं. त्या दोराच्या टोकाला मी हातभर बारीक दोरी सांधायची. तिला आम्ही कच्चा तुकडा म्हणायचो. ओढ फार झाली तर आधी तो तुटावा, ग्लायडर मोडू नये, एवढंच त्याचं काम.

एका आठवड्यात तो तीनदा तुटला, तिन्ही वेळा निघतानाच. मोठे साहेब पुण्याकडचे, नवीन आलेले. पुढचं विमान तेच चालवायचे. त्यांनी मला सगळ्यांसमोर बोलावलं.

"बाई, उद्या पाहुणे यायचेत. हा तुकडा दुहेरी करा."

"नाही करणार."

"तुमचा सांधा कच्चा, म्हणून तुटतो."

"सांधा शाबूत आहे. दोरी मधे तुटलीय. बघा."

शेडचा मिस्त्री मागून कुजबुजला, "अम्मा, नक्को. नौकरी जाती."

"जाऊ दे."

"तुम्हाला हे शिकवलं कुणी?" साहेबांनी विचारलं.

"बैलांनी."

लोक हसले. मी हसले नाही. विहिरीवरच्या मोटेचा दोर बैलांनी सावकाश ओढला तर टिकतो. ढिला सोडून एकदम हिसकला की तुटतो. हे मी लहानपणापासून बघत आले होते.

मी शेडच्या तुळईला तसलाच तुकडा बांधला आणि मिस्त्रीला त्याला वाळूची दोन पोती टांगायला लावली. तुकडा तुटला नाही. मग एक पोतं काढलं. उरलेलं मिस्त्रीनं वर उचललं आणि सोडून दिलं. तुकडा फाटकन तुटला.

"दोर ढिला असतानाच तुम्ही विमान हाणता," मी म्हणाले. "दुहेरी केला तर तुटणार नाही. मग तो हिसका ग्लायडरमधल्या माणसाला बसेल."

"इथे साहेबांशी असंच बोलतात का?"

"पूर्वी नाही बोलायचो. हात बांधून उभे राहायचो. ते राज्य गेलं."

"उद्यापासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी तरीही कामावर गेले. तुकडा एकेरीच सांधला आणि ग्लायडरच्या पंखाजवळ उभी राहिले. दोर गवतात वेडावाकडा पडला होता. साहेबांनी पुढच्या विमानाचं इंजिन गरजवलं. निशाण मिस्त्रीच्या हातात; मी हात वर केला की त्यानं ते हलवायचं, मग साहेबांनी जोर द्यायचा. पोतं त्यानंच उचलून सोडलं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला नाही, त्यानं निशाण हलवलं नाही. खुर्च्यांवरचे पाहुणे माना वळवून बघायला लागले. शेवटी विमान गोगलगायीसारखं पुढे सरकलं. दोर सरळ झाला, गवतातून उचलला गेला, ग्लायडर जरासा हलला. तेव्हा मी हात वर केला आणि मिस्त्रीनं निशाण हलवलं.

तुकडा टिकला.

साहेब उतरले आणि पाहुण्यांकडे निघून गेले. हजेरीतून माझं नाव त्यांनी कमी केलं नाही. चूकही कबूल केली नाही. मला ती कबूल करून घ्यायची नव्हती. मी तिथे होते तोवर माझा हात वर होईपर्यंत ते थांबायचे.