मॅडमची फ्लाइट

माझी बायको वारली त्याला दोन वर्षं झाली, पण व्हिएतनाममधल्या एका हॉटेलात ती अजून यायची आहे. चूक माझ्या इंग्रजीची.

वसमतच्या एका हळदीच्या कारखान्यात मी सुपरवायझर. हळद शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, यात आयुष्य गेलं. (कितीही साबण लावा, माझा बनियन आजही पिवळाच निघतो.) वाळवणीचं नवं मशीन बघायला शेठनी मला दा नांग नावाच्या समुद्राकाठच्या शहरात पाठवलं. मी हैदराबादच्या पलीकडे कधी गेलेलो नव्हतो, पण शेठ म्हणाले, मशीन मशीनच असतं, त्याला भाषा कशाला लागते. मशीनला लागत नाही हे खरं. अडचण हॉटेलात झाली.

घरी पासपोर्ट दोन. बिस्किटाच्या डब्यात, रेशन कार्डाखाली, एकमेकांना चिकटून ठेवलेले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सुमन म्हणाली होती, "दरसाली औंढ्याला नेता. एकदा इमानात बसवा." कुठं जायचं ते ठरायच्या आधीच पासपोर्ट आले. फोटोत हसायचं नाही असं सांगितल्यामुळे तिनं हसू असं काही दाबलंय, की बघणाऱ्याला वाटावं, बाईला आता शिंक येणार. माणूस गेलं की पासपोर्ट जमा करायचा असतो म्हणे. नांदेडला दिलेली आमची लेक वर्षा त्यासाठी सहा महिने मागं लागली, तेव्हा 'केला' असं सांगून मी मोकळा झालो. आता निघताना माझा पासपोर्ट काढला तर खाली तिचा एकटाच राहायला लागला. ते जिवावर आलं. दोन्ही खिशात टाकले.

हॉटेलच्या काउंटरवरच्या पोरीनं पासपोर्टसाठी हात पुढं केला आणि प्रवासानं बधिर झालेल्या मी दोन्ही दिले. तिनं सुमनचा फोटो बघितला, मग माझ्या मागं बघितलं.

"मॅडम?"

आता आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल इंग्रजीत कसं सांगतात? मी आवाज उतरवून म्हणालो, "मॅडम एक्स्पायर."

ती दचकली. पासपोर्ट उघडून तारीख बघितली आणि हसली. "नो सर. नॉट एक्स्पायर. सेव्हन इयर्स मोअर."

डॉक्टरनं मला तिच्या सात दिवसांचीसुद्धा हमी दिली नव्हती, आणि ही पोरगी सात वर्षं देऊन राहिली होती! मी शब्द शोधला. सापडला नाही, म्हणून आभाळाकडे बोट केलं.

"ओ, फ्लाइट!" तिला उलगडा झाला. "फ्लाइट लेट?"

मागं माणसं उभी होती. मी मान हलवली. (कोणत्या दिशेला हलली ते मलाही सांगता यायचं नाही.)

तिथून पुढं सगळं दोन-दोन सुरू झालं. खोलीत सपाता दोन जोड, टूथब्रश दोन. सकाळी नाष्ट्याला दोन ताटल्या. संध्याकाळी मशीन बघून आलो की पोरगी विचारायची, मॅडम? मी म्हणायचो, लेट. दुसऱ्या दिवशीही लेट म्हटल्यावर तिचा चेहरा त्या विमान कंपनीवर असा काही रागावला, की मलाच कंपनीची दया आली.

तिसऱ्या दिवशी मशीनवाल्याला सुट्टी होती, म्हणजे मलाही. पोरीनं आपल्या मनानंच माझी सहल ठरवली होती, नारळीच्या खाडीत टोपल्यांच्या होड्यांतून. जोडप्यासाठी. मॅडम आल्या की खूश होतील, असा तिचा हिशेब. आता मात्र सांगणं भाग होतं. मी खोलीतून वर्षाला फोन लावला.

"बाई, माणूस वारलं, याला इंग्रजीत काय म्हणतेत?"

"कोण वारलं, बाबा?"

मग पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं.

"आईचा पासपोर्ट तुमी जमा केला होता ना?"

"व्हय."

"मग तो तिथं काहून हाय?"

"फिरायला आलाय."

ती हसली की रडली ते फोनवर कळलं नाही. नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला. मग शाळेतल्या पोराला सांगावं तसं हळू म्हणाली, "शी डाईड म्हना, बाबा."

इवलासा शब्द. लिफ्टमध्ये पाठ करत खाली आलो. पोरीनं दोन तिकिटं पुढं केली आणि मी म्हणालो, "थँक्यू."

होडी म्हणजे बांबूचं गोल टोपलं. आपल्याकडे अशा टोपल्यातून शेण नेतात, तिथं माणसं नेतात, एवढाच फरक. वल्हं मारणारी साठीची बाई होती. तिनं तिकिटं बघून दोन गवती टोप्या आणि दोन शहाळी दिली. मी एका बाजूला बसलो, तसं टोपलं तिकडेच कललं. बाई खुणेनं सांगू लागली, मधे बस. पण सव्वीस वर्षं मी माझी एक बाजू धरून जगलेला माणूस. पलंगावरसुद्धा अजून भिंतीकडेच झोपतो. मधे कसं बसायचं ते मला येईना. शेवटी तिनं दोन्ही शहाळी आणि माझी बॅग समोरच्या बाजूला ठेवली, वर दुसरी टोपी ठेवली. टोपलं बरोबर तोललं गेलं.

"बसवलं का न्हाई इमानात?" मी टोपीला म्हणालो.

टोपी पिवळी होती. सुमनचे डोळे पिवळे झाले तेव्हा मी म्हणालो होतो, हळदीची धूळ गेली आसंल, पाणी मार. पंधरा दिवस ती बिचारी पाणी मारत राहिली. हळकुंड लांबून बघून कच्चं की पक्कं सांगणारा मी, मला घरातली कावीळ दिसली नाही.

तेवढ्यात बाईनं पाहुण्याची करमणूक म्हणून टोपलं गर्रकन फिरवलं. टोपी उडाली. मी तिच्यासाठी हात लांबवला आणि हातामागोमाग सगळाच गेलो! पाणी छातीएवढंच होतं, हे कळेपर्यंत नरसीपासून औंढ्यापर्यंतच्या सगळ्या देवांना हाका मारून झाल्या होत्या. बाईनं आधी टोपी काढली, मग मला. टोपी झटकली आणि परत समोरच्या जागेवर नीट ठेवली. का ठेवली, तिलाच ठाऊक. परतीच्या वाटेवर मी पोटभर रडलो. नाही तरी सगळाच भिजलेला होतो. दोन्ही शहाळी मीच प्यालो.

निघायच्या दिवशी पोरीनं दोन्ही पासपोर्ट परत दिले. "मॅडम?"

वर्षाचा शब्द जिभेवर तयार होता. पण माझ्याशिवाय सुमनची वाट बघणारं जगात समोरचं तेवढं एकच माणूस होतं.

"फ्लाइट कॅन्सल," मी म्हणालो.

तिनं छातीवर हात ठेवला. डोळे खरंच भरले होते. "व्हेरी बॅड, सर. यू आस्क रिफंड."

"आस्क," मी म्हणालो.

घरी आलो तर वर्षा नांदेडहून येऊन बसलेली. टेबलावर मी दोन टोप्या ठेवल्या. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि हात पुढं केला. म्हणाली, "द्या तो पासपोर्ट. आता मीच जमा करते."

"रिफंड येईपर्यंत तिकीट टाकून देत नसतेत, बाई."

तरी दोन्ही पासपोर्ट मी तिच्या हातात दिले. तिनं एक उघडून शिंक दाबून बसलेल्या आईला बघितलं, आणि डबा काढून तो रेशन कार्डाखाली सरकवला. शेजारी माझाही ठेवला. झाकण दाबून लावलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचं इंग्रजी तर गेलेलंच होतं. आता मराठीबी गेलं."