वाघ्याची आठ दिवसांची मुदत

"आठ दिवस. नाहीतर गोळी," एवढं बोलून मॅनेजरसाहेबांनी फायलीत डोकं घातलं.

गोळी वाघ्याला. गेटवरचा हा कुत्रा आमच्याच फिटरला चावला होता. बिचारा डबा घेऊन सकाळच्या शिफ्टला येत होता. ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या माळावर कारखाने नुकते उभे राहत होते. मी लष्करात कुत्र्यांना शिकवणारा हवालदार, निवृत्त होऊन इथं सिक्युरिटीत लागलेलो. त्यामुळे ही ब्याद माझ्या गळ्यात आली.

वाघ्याचा मालक सखाराम, भोसरीचा, गेटवरचाच वॉचमन. माणूस सरळ, पण हेकट. मी वाघ्याच्या घमेल्यात डोकावलो. कोरभर भाकरी, तीही लालभडक.

"हे काय?"

"मिरची. कुत्रं तिखट व्हाया नगं व्हय? आमचा बा बी हेच घालायचा."

"अरे, पोटात आग पडल्यावर ते दिसेल त्याला चावणारच! चोर कोण आणि फिटर कोण, त्याला काय कळणार?"

"लाड केलं की कुत्र्याची शेळी हुती, हवालदारसाब."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. दोन दिवस मी सखारामच्या नकळत वाघ्याला दूध-भाकरी घातली. तिसऱ्या दिवशी शिफ्ट सुटताना त्याला लांब दोर बांधला आणि सखारामला म्हटलं, "हाक मार."

सखारामनं हाक मारली. वाघ्या शेपूट घालून जागीच बसला. मग मी हाक मारली. तो धावत माझ्याकडे आला.

"सखाभाऊ, कुत्रं कुणाचं म्हणायचं राव?" कामगार हसले. सखारामचं तोंड काळंठिक्कर पडलं. मला वाईट वाटलं, पण औषध लागू पडलं होतं.

संध्याकाळी तो आपणहून आला. "काय करायचं ते सांगा. पर हाक मी मारणार."

काम सोपं होतं. हाकेला आला की भाकरीचा तुकडा. नाही आला तर काही नाही. शिवी नाही, काठी नाही, मिरची तर नाहीच. सखाराम कुरकुरत करायचा. पण सहाव्या दिवशी वाघ्या त्याच्या हाकेला आला.

आठव्या दिवशी साहेबांनी परीक्षा घेतली. हातांना गोणपाट गुंडाळलेला एक अनोळखी माणूस कुंपणावरून आत उतरला. वाघ्या भुंकत सुटला.

"वाघ्या, हिकडं!"

वाघ्या थांबला, वळला, सखारामच्या पायाशी येऊन बसला. साहेब म्हणाले, "ठीक आहे. राहू द्या."

सखारामला आनंद मावेना. "भले रं माझ्या गड्या!" म्हणत त्यानं शाबासकी द्यायला हात उचलला. वाघ्या डोळे मिटून जमिनीला चिकटला.

सखारामचा हात तसाच राहिला. "मारत न्हाई रं," तो म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला. मग तिथंच मातीत बसून सगळ्यांदेखत रडला.

पुढं बरीच वर्षं मी लोकांची कुत्री शिकवली. नवा मालक आला की आधी त्याला हात वर करायला सांगायचो आणि कुत्र्याकडे बघायचो. बाकी चौकशी करावी लागायची नाही.