दातांच्या प्लेटीचा नववा नियम

माझ्या मुलीच्या दातांची प्लेट पावणेतीन दिवस माझ्या तोंडात होती.

ही गोष्ट मी आपण होऊन कुणाला सांगत नाही. सांगायची वेळच येत नाही, कारण घरातले बाकीचे सगळे ती सांगत असतात आणि दर वेळी मुक्काम वाढवत नेतात. परवा एका लग्नात लांबच्या मेहुण्यानं मला पंगतीत विचारलं, "मास्तर, महिनाभर जेवलात कसे हो?" तेव्हा ठरवलं, खरं काय ते एकदा आपणच लिहून टाकावं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या वेळी मी पारनेरला प्राथमिक शाळेत मास्तर होतो. माझी मुलगी नंदा सातवीत होती. तिचे वरचे चार दात असे पुढे आले होते की ओठ मिटायचे तर तिला लक्षात ठेवून मिटावे लागत. वर्गातली कार्टी तिला 'किसणी' म्हणायची. त्यामुळे तोंडावर तळहात धरून बोलायची तिला सवय लागली होती आणि हसणं तर तिनं बंदच केलं होतं. बारा वर्षांची पोर, पण हसू आलं की पाठ फिरवून उभी राहायची. ते बघून मला फार वाईट वाटायचं.

नगरला माळीवाड्याच्या स्टँडजवळ पुण्याचे एक दातांचे डॉक्टर महिन्यातल्या पहिल्या रविवारी यायचे. मी आणि माझी बायको मंगल नंदाला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तिच्या तोंडात आरसा घातला, मान हलवली आणि विचारलं, "हा अरुंद जबडा कुणाकडून आला?"

मंगलनं माझ्याकडे बोट केलं.

डॉक्टर म्हणाले, "शहरात दातांना कायमचे पट्टे बसवतात, पण त्याला सारखं यावं लागतं. तुम्हाला काढता-घालता येणारी प्लेट देतो. टाळूला हा गुलाबी प्लास्टिकचा तुकडा बसेल, पुढून ही तार दातांना मागे ढकलेल आणि मागचे हे दोन आकडे दाढांना धरून ठेवतील. दात रोज केसभर सरकतो, मागचं हाड त्याला हळूहळू जागा देतं. पण प्लेट तोंडात असेल तरच. खिशात ठेवून दात सरकत नाहीत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दर महिन्याला मी बघणार. नियमित घातलेली दिसली नाही, तर इलाज बंद. हाडं कोवळी आहेत तोवरच हे जमतं."

त्यांनी आठ नियमांचा एक कागद दिला. मास्तरच्या हातात आयते आठ नियम पडले, मग काय विचारता! मी ते पुठ्ठ्यावर लाल शाईनं, वळणदार अक्षरात उतरवले आणि पुठ्ठा स्वयंपाकघरात टांगला. प्लेट फक्त जेवताना आणि दात घासताना काढावी. काढली की डबीत ठेवावी. गरम पाण्यानं धुऊ नये. राखुंडी, मिश्री, कोळसा लावू नये. ऊस, हुरडा, गुडदाणी खाऊ नये. तार हातानं वाकवू नये. काही बिघडलं तर डॉक्टरांकडेच आणावी. आणि आठवा नियम म्हणजे प्रत्येक खाण्यानंतर दात घासून खळखळून चुळा भराव्यात, कारण तारेत अन्न अडकलं की दात किडतात.

आता हा आठवा नियम लिहिणारा माणूस पुण्याचा होता. आमच्याकडे दोन दिवसांआड टँकर यायचा. मंगल कळशी घेऊन तासभर रांगेत उभी राहायची आणि घरी येऊन बघायची तर लेक तांब्याभर पाण्याच्या चुळा भरतीय.

"प्यायला पानी न्हाई, अन् ही बया दिसातनं चारदा थुकतीया," ती म्हणायची.

"नियम आठवा," मी पुठ्ठ्याकडे बोट दाखवायचो.

"त्या डाक्टरला आना इथं रांगेत. मंग लिवा म्हनावं नियम."

शेवटी तडजोड निघाली. चुळा परसातल्या कढीपत्त्याच्या बुंध्याशीच भरायच्या. त्या वर्षी अख्ख्या आळीत हिरवं असं तेवढंच एक झाड होतं. शेजारणी कौतुकानं पानं मागून न्यायच्या आणि मंगल ती मोठ्या मनानं द्यायची. झाड कशावर जगलंय ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

मी मात्र हजेरी घेतल्यासारखा पोरीच्या मागे लागलो होतो. प्लेट घातली का, डबी कुठाय, आ कर बघू. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीची भाकरी वातड असायची, ती तिनं कुस्करून खाल्ली की नाही, ते मी शेजारी बसून बघायचो. पोर मुकाट्यानं सगळं करत होती. तीन महिन्यांत दात थोडे आत आल्यासारखे वाटायला लागले. मग चौथ्या खेपेला डॉक्टरांनी तार आवळली.

तेव्हापासून तिचं दुखणं सुरू झालं. महिना संपत आला तरी ते थांबेना, म्हणून ती रात्री प्लेट काढून उशाशी ठेवायला लागली. पुढचा रविवार चार दिवसांवर आला होता. बुधवारी संध्याकाळी दिवेलागणीला मी तिला पकडली.

"नंदे, प्लेट कुठाय?"

"दुखतंय, तात्या."

"एवढ्याशा तारेनं काय दुखायचंय? सगळी नाटकं. डॉक्टरांनी इलाज बंद केला म्हणजे बस मग जन्मभर तोंडावर हात धरून."

हे मी बोलायला नको होतं. तिचा हात तसाच तोंडावर होता. डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी ती ठणकावून म्हणाली, "मग तुम्हीच घालून बघा ना."

शहाण्या माणसानं इथं विषय बदलला असता. मी डबी उघडली, प्लेट धोतराला पुसली (पाणी वाचवायला) आणि तोंडात घातली. "हे बघ," असं म्हणणार होतो. तेवढ्यात मागून कट् असा आवाज झाला.

जबडा माझ्याच घराण्याचा असल्यामुळे प्लेट आत गेली. पण माझ्या दाढा बारा वर्षांच्या पोरीच्या नव्हत्या. दोन्ही आकडे त्यांच्याखाली जाऊन असे रुतले की मी ओढलं तर प्लेटीऐवजी दाढ हलते आहे असं वाटायला लागलं. आणि वेदना म्हणाल तर पार कानशिलापर्यंत. मी जमिनीवर बसून घेतलं.

"काय झालं?" मंगल आतून आली.

"अकली," मी म्हणालो.

"काय?"

"तात्यांच्या तोंडात प्लेट अडकली," नंदानं खुलासा केला.

मंगलनं कपाळावर हात मारला. "पोरीच्या तोंडातलं काढून सोताच्या तोंडात घालनारा बाप मी आज बगितला."

तिनं खोबरेल तेल लावून बघितलं. मग मला कुणीतरी सांगितलेलं आठवलं की गरम पाण्यानं अडकलेलं सैल होतं, म्हणून मी गरम पाण्याची चूळ धरली. (नियम तिसरा.) प्लास्टिक जरा मऊ झालं आणि माझ्या टाळूला आणखी घट्ट चिकटलं. मग मंगलच्या सल्ल्यानं हिरडी बधिर करायला मिश्री चोळली. (नियम चौथा.) मला मिश्रीची सवय नाही. अर्धा तास गरगरत पडून राहिलो.

पारनेरला सरकारी दवाखाना होता, पण तिथला कंपाउंडर माझा जुना विद्यार्थी. त्याला मी एकदा नाकात चिंचोका घातला म्हणून अख्ख्या वर्गासमोर उभं केलं होतं. त्याच्यासमोर आ करायला मी काही तयार झालो नाही.

दुसऱ्या दिवशी तसाच शाळेत गेलो. चौथीचा वर्ग, पाढ्यांचा तास. आमच्या शाळेची शिस्त अशी की मास्तर म्हणतील तसंच पोरांनी मागून म्हणायचं. मी म्हणालो, "शात शक बेचाळीश." पन्नास पोरं एका सुरात ओरडली, "शात शक बेचाळीश!" हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले. मी दाढ सुजल्याची खूण केली. ते गेले, पण तो वर्ग पुढे कितीतरी दिवस सातचा पाढा तसाच म्हणत होता.

शुक्रवारी माझी अवस्था बिकट झाली. भाकरी चावता येईना. आमटीत कालवून घशाखाली ढकलली, तर कणन् कण तारेत जाऊन बसला. नंदा तांब्या घेऊन आली आणि मला कढीपत्त्यापाशी नेऊन उभं केलं. "भरा चुळा. नीट. खळखळून." मी भरल्या. मग ती म्हणाली, "आ करा बघू." मी केला. तिनं माझ्याच आवाजात विचारलं, "दुखतंय?"

मी मान हलवली. एवढीशी पोर हे दुखणं दिवसरात्र सोसत होती आणि मी तिला नाटकं म्हणालो होतो. मला माझीच लाज वाटली. त्यात आणखी एक गोष्ट होती. प्लेट माझ्या तोंडात असेपर्यंत तिचे दात मोकळे होते. रविवारी डॉक्टर बघणार होते आणि इलाज बंद झाला असता तर तो माझ्यामुळे.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मंगल म्हणाली, "चला रंगनाथकडं."

रंगनाथ म्हणजे आमच्या आळीतला सोनार. बोटात रुतलेली अंगठी म्हणा, मनगटात बसलेली पाटली म्हणा, अडकलेलं काहीही काढायला सगळी पेठ त्याच्याकडेच जायची. त्यानं मला पाटावर बसवलं, डोळ्याला भिंग लावलं आणि तोंडात डोकावला.

"कुनाचा डागिना म्हनायचा ह्यो?"

"पोरीचा हाय," मंगल म्हणाली.

"मंग मास्तरच्या तोंडात कसा?"

"त्ये तुमी काडा आदी."

त्यानं रिठ्याचं पाणी सोडलं, बारीक चिमट्यानं एक आकडा उचलला, मग दुसरा, आणि प्लेट बाहेर आली. मला रडू यायचं तेवढं राहिलं होतं. प्लेट जरा चेपली होती. रंगनाथ म्हणाला, "बसा घटकाभर, साफ करून देतो." मी दाढा चोळत ओट्यावर बसलो. घटकाभरानं त्यानं प्लेट हातावर ठेवली तेव्हा ती लखलखत होती.

"मजुरी नगं, मास्तर. पन कारागीर लई कच्चा व्हता बगा. तार जागोजाग वाकडी केल्ती त्यानं. मी समदी सरळ करून दिली."

ज्या वाकणांवर माझ्या पोरीचे दात सरकायचे होते, ती सगळी वाकणं रंगनाथनं ठोकून सरळ केली होती. (नियम सहावा आणि सातवा.) घरी जाऊन नंदानं प्लेट घालून बघितली. ती तोंडात राहीचना.

रविवारी आम्ही पहिल्या एसटीनं नगरला गेलो. डॉक्टरांनी ती चकाकणारी प्लेट उजेडात धरली आणि बराच वेळ फिरवून बघितली. 

"प्लास्टिक गरम पाण्यात टाकलंय. तार कुणीतरी सरळ केलीय. आणि अजून मिश्रीचा वास येतोय," ते म्हणाले. "मी बजावलं होतं. ही मुलगी ऐकत नसेल तर मी..."

"तिची चूक नाही," मी घाईनं म्हणालो.

"मग कुणाची?"

मी छताकडे बघितलं. मंगलनं पुन्हा माझ्याकडे बोट केलं. आणि नंदानं सगळं सांगून टाकलं. कट् आवाजापासून ते शात शक बेचाळीशपर्यंत. सांगता सांगता ती हसायला लागली. आधी फिसकन, मग पोट धरून, खुर्चीत मागे रेलून. दोन्ही हात पोटावर होते, तोंडावर एकही नव्हता. चारही दात पुढे काढून माझी पोर खदाखदा हसत होती. मी तिला असं हसताना कितीतरी वर्षांनी बघत होतो.

डॉक्टरही हसत होते. हसता हसताच त्यांनी तिचे दात बघून घेतले. "सरकलेत," ते म्हणाले. "इलाज चालू राहील. नवी प्लेट करू." मग त्यांनी नियमांचा नवा कागद काढला, त्याच्या तळाशी काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे न देता तो नंदाच्या हातात दिला.

दीड वर्षात तिचे दात सरळ झाले. आता ती स्वतः आजी व्हायला आली आहे आणि फोटोत सगळ्यांत आधी तिचेच दात दिसतात. तो पुठ्ठा तिनं माहेरून नेला आणि काच लावून स्वतःच्या घरात टांगला आहे. वरचे आठ नियम मी डॉक्टरांच्या कागदावरून उतरवलेले. डॉक्टरांनी तळाशी लिहिलेला नववा तिनं त्या रविवारी संध्याकाळी समोर उभं राहून माझ्याच हातानं, माझ्याच लाल शाईनं लिहून घेतला: 'प्लेट वडिलांपासून दूर ठेवावी.'

येणारे-जाणारे तो वाचून माझ्या अक्षराचं फार कौतुक करतात.